लॅपटॉप नेमका कुठे अडला? लिनक्समधील अर्धवट पॅकेजे आणि बूट न होण्याची कारणे

काही महिन्यांपूर्वी माझ्या भाचीचा लॅपटॉप माझ्याकडे आला. त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली होती आणि आदल्या रात्रीपर्यंत तो नीट चालत होता. सकाळी मात्र काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी उमटल्या आणि ‘कर्नल पॅनिक... अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ एवढे सांगून तो थिजला. दुरुस्तीच्या दुकानात तिला सांगण्यात आले होते की हार्ड डिस्क गेली असावी, नसल्यास सगळे फॉरमॅट करावे लागेल. डिस्क ठणठणीत होती, फाइली जागच्या जागी होत्या आणि बिघाडाचे मूळ तीन आठवड्यांपूर्वी अर्धवट राहिलेल्या एका अपडेटमध्ये होते.

पॅकेज (म्हणजे बसवण्यासाठी एकत्र बांधलेला कार्यक्रम) बसत नाही ही एक तक्रार आणि लॅपटॉप सुरू होत नाही ही दुसरी, अशी आपण साधारणपणे विभागणी करतो. लिनक्सवर पहिल्या तक्रारीकडे केलेले दुर्लक्ष पुष्कळदा दुसरीचे रूप घेऊन परत येते. हा दुवा कसा जुळतो हे समजले, आणि लॅपटॉप सुरू होताना कोणत्या टप्प्यावर अडला हे ओळखता आले, तर सगळे पुसून नव्याने बसवण्याची वेळ फार क्वचित येते. येथील विवेचन डेबियन, उबुंटू आणि मिंट या एकाच घराण्यातील प्रणालींना धरून आहे. आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या अर्थातच रोमन अक्षरांत लिहायच्या असतात.

इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पातून ही पॅकेज-व्यवस्था आली. तिच्यात दोन थर आहेत. डीपीकेजी हा प्रत्यक्ष हातकाम करणारा थर असून तो पॅकेजची फाइल उघडतो, तिच्यातील फाइली जागोजागी ठेवतो आणि केलेल्या कामाची नोंद ठेवतो. एपीटी हा त्याच्या वरचा, नियोजन करणारा थर आहे. कोणत्या पॅकेजला आणखी कोणती पॅकेजे लागतात, ती कोणत्या सर्व्हरवर मिळतील, कोणत्या क्रमाने बसवावी लागतील आणि त्यासाठी काही काढावे लागेल का, याचा हिशेब तो करतो आणि मग काम डीपीकेजीच्या हाती सोपवतो. त्यामुळे एखादी त्रुटी दिसली की पहिला प्रश्न असा विचारावा: हिशेब चुकला आहे, की हातकाम अर्धवट राहिले आहे?

हातकाम अर्धवट राहू शकते, कारण पॅकेज बसवणे ही दोन पायऱ्यांची क्रिया आहे. आधी फाइली उलगडून ठेवल्या जातात आणि नंतर त्या पॅकेजसोबत आलेली जुळवणीची स्क्रिप्ट चालते. गॅसची शेगडी घरात येऊन ओट्यावर ठेवली गेली तरी नळी आणि रेग्युलेटर जोडल्याशिवाय तिच्यावर चहा होत नाही, तसेच हे आहे. अपडेट चालू असताना बॅटरी संपली, कोणी टर्मिनलची खिडकी बंद केली किंवा डिस्कवरची जागा भरली, तर काही पॅकेजे ‘उलगडलेली पण न जुळवलेली’ अशा अवस्थेत राहतात. डीपीकेजी ही अवस्था आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी काही बसवायला गेलो की ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ असे सांगून अडून बसतो. ही अडवणूक आपल्या भल्याचीच आहे. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा दिली की राहिलेल्या सर्व जुळवण्या पूर्ण केल्या जातात. काही अवलंबित पॅकेजेच आलेली नसतील, तर त्यानंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्यावी. काय काय अर्धवट आहे हे आधी नुसते पाहायचे असेल तर ‘डीपीकेजी --ऑडिट’ पुरते.

कुलुपाचा संदेश याहून वेगळा आहे. ‘कुड नॉट गेट लॉक’ असे आले की दुसरा एखादा कार्यक्रम त्या क्षणी पॅकेजांवर काम करत असतो, आणि लॅपटॉप नुकताच सुरू झालेला असेल तर तो बहुधा पार्श्वभूमीवर चालणारा सुरक्षा-अपडेटचा कार्यक्रम असतो. कुलुपाची फाइलच पुसून टाका, हा याबाबतचा सर्वत्र मिळणारा आणि माझ्या मते सर्वांत घातक सल्ला आहे. आत कोणी काम करत असताना कुलूप तोडून आपणही शिरलो, तर एकाच नोंदवहीत दोघे एकाच वेळी लिहू लागतात आणि पाच-दहा मिनिटे थांबून जे आपोआप मिटले असते त्याचे रूपांतर खऱ्या बिघाडात होते.

अपडेटच मिळत नसतील तर कारण बहुधा साधे असते. ‘४०४ नॉट फाउंड’ वारंवार येत असेल तर आपली आवृत्ती कालबाह्य झाली आहे का ते पाहावे. उबुंटूच्या दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घकालीन आवृत्त्यांना ५ वर्षे नेहमीचा आधार मिळतो, मधल्या आवृत्त्यांना मात्र ९ महिनेच, आणि त्यानंतर त्यांची पॅकेजे नेहमीच्या सर्व्हरवरून हलवून जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर ठेवली जातात. ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असा संदेश आला तर पॅकेजांना दोष देण्यापूर्वी कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. जुन्या लॅपटॉपमधील मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि आज सही झालेली यादी त्या लॅपटॉपला भविष्यातली वाटते.

हिशेब चुकण्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. अधिकृत भांडारातील (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातील) पॅकेजे एकमेकांशी जुळतील अशीच ठेवलेली असतात. आपण एखाद्या बाहेरच्या भांडाराची भर घालतो, त्यातून एखाद्या सामायिक लायब्ररीची (अनेक कार्यक्रम मिळून वापरतात अशा कोडची) नवी आवृत्ती येते, आणि मग अधिकृत भांडारातील दुसऱ्या पॅकेजला नेमकी जुनीच आवृत्ती हवी असते. एपीटीपुढे अशा वेळी दोनच मार्ग राहतात: नकार देणे, किंवा वाटेत येणारे काहीतरी काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडणे. तो प्रस्ताव ‘पुढील पॅकेजे काढली जातील’ या मथळ्याखाली पडद्यावर येतो आणि आपण न वाचता ‘वाय’ दाबतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडातील प्रसिद्ध यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस या उबुंटूवर आधारित लिनक्स प्रणालीवर स्टीम हे खेळांचे ॲप बसवताना हेच केले. पॅकेजमधील एका तात्पुरत्या दोषामुळे एपीटीने संपूर्ण डेस्कटॉप काढण्याचा प्रस्ताव ठेवला होता आणि इशारा म्हणून ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य अक्षरशः टाइप करायला सांगितले होते. त्यांनी ते टाइप केले आणि डेस्कटॉप गेला. त्यानंतर लवकरच एपीटीच्या रचनाकारांनी हा मार्ग आणखी कठीण केला. चूक वापरणाऱ्याची की रचनेची, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला दोन्ही बाजू अंशतः बरोबर वाटतात, कारण रोजच भीती घालणारे इशारे देणाऱ्या यंत्राचा खरा इशारा ओळखायचा तरी कसा?

आता दुव्याकडे येऊ. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, हासुद्धा एपीटीच्या दृष्टीने एक पॅकेजच आहे. ते उलगडले की कर्नलची फाइल बूट डिरेक्टरीत जाऊन बसते. परंतु सुरुवातीला कर्नलसोबत लागणारी इनिटरॅमएफएस ही दुसरी फाइल पॅकेजमध्ये तयार आलेली नसते. ती त्या लॅपटॉपवरच, जुळवणीच्या पायरीत तयार केली जाते, कारण या लॅपटॉपची डिस्क कोणत्या प्रकारची आहे, ती कूटबद्ध (पासवर्डशिवाय वाचता न येणारी) आहे का, तिच्यासाठी कोणते ड्रायव्हर लागतील हे तिथेच कळते. संपूर्ण डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर बूट डिरेक्टरीसाठी वेगळे, छोटे पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र विभाग) असते, आणि जुन्या इन्स्टॉलरनी ते अर्ध्या-पाऊण जीबीचेच केलेले असते. एकेक इनिटरॅमएफएस शंभर एमबीच्या आसपास किंवा त्याहून मोठी असू शकते. चार-पाच कर्नल साठले की पार्टिशन भरते, नव्या कर्नलची फाइल बसते, पण तिची जोडीदार फाइल लिहिण्याइतकी जागा उरत नाही, आणि जुळवणी तिथेच मोडते. लॅपटॉप मात्र चालूच राहतो, कारण मेमरीत जुना कर्नल असतो. पुढे कशाने तरी बूट मेनूची यादी पुन्हा तयार झाली की नवा कर्नल, जोडीदाराविना, यादीत सर्वांत वर येतो. पुढच्या रीस्टार्टला तो उठतो, मूळ फाइल प्रणाली शोधतो, ती उघडण्याची साधने त्याच्याजवळ नसतात आणि तो ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ म्हणून हात टेकतो. भाचीच्या लॅपटॉपचे हेच झाले होते. ‘डिस्कवर जागा नाही’ ही सूचना तिने तीन आठवडे बाजूला सारली होती.

दुरुस्तीचा मार्गही यातूनच निघतो. जुना कर्नल आणि त्याची जोडीदार फाइल शाबूत असतात, म्हणून लॅपटॉप सुरू होताना ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या कार्यक्रमाचा, मेनू आणावा. नव्या यूईएफआय यंत्रांवर त्यासाठी एस्केप, तर जुन्या बायोस यंत्रांवर शिफ्टची कळ वापरतात. एस्केप अधीरतेने पुन्हा पुन्हा दाबली तर मेनूऐवजी ‘ग्रब>’ अशी नुसती ओळ येते आणि नवा बिघाड झाला असे वाटते. तसे काही नसते, पुन्हा सुरू करून कळ एकदाच दाबावी. मेनूतील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल निवडला की लॅपटॉप बहुधा नेहमीसारखा उठतो. मग ‘डीएफ -एच’ या आज्ञेने बूट पार्टिशन किती भरले ते पाहावे, ‘युनेम -आर’ने आत्ता चालू असलेला कर्नल कोणता ते लिहून घ्यावे आणि त्याला हात लावू नये. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ने जुने कर्नल निघतात. पॅकेजे अर्धवट असल्यामुळे एपीटीच नकार देत असेल, तर वापरात नसलेल्या सर्वांत जुन्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल तात्पुरती होम डिरेक्टरीत हलवून जागा करावी, अर्धवट जुळवणी वर सांगितलेल्या आज्ञेने पूर्ण करावी आणि मग जुने कर्नल एपीटीकडूनच काढून घ्यावेत. शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’. भाचीच्या लॅपटॉपवर या सगळ्याला अर्धा तासही लागला नाही. फॉरमॅट करून पुन्हा सर्व बसवायला तिचा आख्खा रविवार गेला असता, आणि बॅकअप नसलेले प्रकल्पाचे काम गेले असते ते वेगळेच.

सगळे बिघाड इतके सरळ नसतात. म्हणून सुरू होण्याची साखळी एकदा डोळ्यांपुढे आणावी. पालखीला जसे भोई खांदा देतात, पुढच्याकडे सोपवतात आणि बाजूला होतात, तसे येथे आधी मदरबोर्डवरील फर्मवेअर (त्यातच बसवलेले सॉफ्टवेअर), मग शिम (सही तपासून ग्रबला सुरू करणारा छोटा कार्यक्रम) आणि ग्रब, मग कर्नल व इनिटरॅमएफएस, मग सिस्टमडी (बाकीच्या सेवा सुरू करणारा कार्यक्रम) आणि सर्वांत शेवटी चित्रमय लॉगिन असे खांदे बदलत जातात. पडद्यावर जे दिसते त्यावरून पालखी कोणाच्या खांद्यावर असताना थांबली ते कळते. तो संदेश मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण दुसऱ्या प्रयत्नात तो तसाच येईल याची खात्री नसते.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे येत असेल किंवा लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जात असेल, तर लिनक्सपर्यंत काही पोहोचलेलेच नाही. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन एसएसडी दिसते का, बूट क्रमात उबुंटूचे नाव आहे का, हे पाहावे. फर्मवेअर अद्ययावत झाल्यावर हा क्रम बदलू शकतो, आणि कधीकधी डिस्कचा नियंत्रक एएचसीआयऐवजी रेड पद्धतीवर गेलेला आढळतो. अशा वेळी ग्रब दिसतो, पण पुढे इनिटरॅमएफएसला डिस्कच सापडत नाही.

शिमच्या टप्प्यावरील सर्वांत गाजलेला घोळ ऑगस्ट २०२४ मधला आहे. मायक्रोसॉफ्टच्या त्या महिन्याच्या अपडेटने जुन्या, असुरक्षित शिम आणि ग्रब आवृत्त्यांना सिक्युअर बूटमध्ये (मान्य सही असलेलेच कार्यक्रम सुरू होऊ देणाऱ्या सोयीत) बाद ठरवले. विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी असलेल्या यंत्रांवर हे अपडेट लागू होणार नाही असे आधी सांगण्यात आले होते, तरीही अशा अनेक यंत्रांवर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली रॉंग’ असा, नाट्यमय पण नेमका, संदेश येऊ लागला. उपाय म्हणून सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समध्ये जाऊन ‘मोकयूटिल’ या आज्ञेच्या साहाय्याने ते बाद ठरवण्याचे धोरण पुसावे लागले. येथे एक सावधगिरी घ्यावीच लागते. विंडोजचे पार्टिशन बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्धीकरणाने बंद असेल तर सिक्युअर बूट बदलल्यावर ते पुनर्प्राप्तीची किल्ली मागू शकते, म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी ती ४८ अंकी किल्ली आपल्याजवळ आहे याची खात्री करावी.

‘ग्रब रेस्क्यू’ अशी ओळ दिसली तर ग्रबला स्वतःच्याच उरलेल्या फाइली सापडत नाहीत. विंडोजमधून एखादे पार्टिशन काढले किंवा हलवले, तर असे होते. कंसातील ‘इनिटरॅमएफएस’ ही ओळ मात्र सांगते की कर्नल चालू आहे, पण मूळ पार्टिशन सापडत नाही किंवा त्याची फाइल प्रणाली तपासल्याशिवाय जोडता येत नाही. ‘रन एफएससीके मॅन्युअली’ (एफएससीके ही फाइल प्रणाली तपासण्याची आज्ञा) असे लिहिलेले असेल तर त्याच ओळीवर त्या पार्टिशनचे नाव देऊन तपासणी चालवावी. जोडलेल्या, वापरात असलेल्या पार्टिशनवर ही तपासणी कधीही चालवू नये.

सिस्टमडीपर्यंत पोहोचून लॅपटॉप दीड मिनिट ताटकळत असेल आणि ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ म्हणत असेल, तर ईटीसी डिरेक्टरीतील, सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलकडे पाहावे. काढून टाकलेल्या स्वॅप पार्टिशनचा किंवा न जोडलेल्या बाहेरच्या डिस्कचा ओळखक्रमांक तिच्यात राहून गेलेला असतो आणि सिस्टमडी ठरल्याप्रमाणे ९० सेकंद वाट पाहतो. त्या नोंदीत ‘नोफेल’ हा शब्द नसेल, तर वाट पाहून झाल्यावर यंत्र थेट आपत्कालीन अवस्थेत जाऊ शकते.

काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर, किंवा बरोबर पासवर्ड देऊनही पुन्हा लॉगिनचीच चौकट, ही शेवटच्या टप्प्याची लक्षणे आहेत. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबून साधे टर्मिनल आले तर लॅपटॉप उठलेला आहे, फक्त चित्र नाही. एनव्हिडियाचे ग्राफिक कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी वेगळा जुळवावा लागतो, आणि तो जुळला नाही किंवा सिक्युअर बूटसाठी त्यावर मान्य सही झाली नाही, तर नव्या कर्नलवर पडदा काळा राहतो. ग्रबमधील बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ जोडून तात्पुरते आत जाता येते. लॉगिन फिरून फिरून परत येत असेल तर आधी डिस्क पूर्ण भरलेली नाही ना हे पाहावे, मी पाहिलेल्या अशा तक्रारींतील निम्म्याहून अधिक तिथेच संपल्या.

जुना कर्नलही उठत नसेल तर लाइव्ह यूएसबी, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स, हा मार्ग उरतो. तीवरून सुरू करून मूळ पार्टिशन एका डिरेक्टरीवर जोडतात, बूट आणि ईएफआय पार्टिशने त्याच्या आत जोडतात, डेव्ह, प्रॉक आणि सिस या डिरेक्टऱ्याही आत बांधून देतात आणि ‘सीएचरूट’ने त्या आजारी प्रणालीच्या आत शिरतात. तेथून अर्धवट पॅकेजे जुळवणे, सर्व कर्नलांसाठी इनिटरॅमएफएस नव्याने करणे आणि ग्रब पुन्हा बसवणे ही तिन्ही कामे होतात. कूटबद्ध डिस्क उघडताना तिला दिलेले नाव कूटबद्ध डिस्कांची नोंद ठेवणाऱ्या क्रिप्टटॅब फाइलमधील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. ते जुळले नाही तर नव्याने तयार झालेल्या इनिटरॅमएफएसमध्ये डिस्क उघडण्याची सोय येत नाही, आणि इतके सगळे करूनही पासवर्डची चौकट दिसत नाही.

आत शिरल्यावर एपीटीच्या लॉगमधील ‘हिस्टरी’ ही फाइल अवश्य उघडावी, कारण कोणत्या दिवशी कोणती पॅकेजे आली, बदलली आणि गेली हे तिच्यात वेळेसह लिहिलेले असते. ‘जर्नल-सीटीएल -बी -१’ ही आज्ञा लॅपटॉप सुरू होण्याच्या आधीच्या खेपेला काय घडले ते सांगते, मात्र ती खेप डिस्क जोडण्यापूर्वीच अडली असेल तर तिची नोंद तेथे मिळत नाही. या नोंदींमध्ये डिस्कच्या नावासह ‘आय-ओ एरर’ पुन्हा पुन्हा दिसू लागले, तर मात्र दुकानदाराचे निदान बरोबर असण्याची शक्यता असते. त्या क्षणी सगळी दुरुस्ती थांबवावी, एफएससीकेसुद्धा चालवू नये, आणि लाइव्ह यूएसबीवरूनच ती डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडून आधी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.